वरातीतला ट्रॉम्बोन : सम एकच, मान मात्र वेगळा

तुळशीचे लग्न लागले, की कोकणाला लग्नसराईचे वेध लागतात. महाड औद्योगिक वसाहतीच्या आसपास, बिरवाडी-नांगलवाडीच्या परिसरात, कारखान्यांची दुपारची पाळी सुरू झालेली असताना एखादी वरात रस्त्यावर येते. सगळ्यांचे लक्ष नवरदेवाकडे, त्याहून अधिक नाचणाऱ्यांकडे. बँडकडे कोणी पाहिलेच, तर पुढे उभे राहून क्लॅरिनेट वाजविणाऱ्या मास्तरांकडे. त्यांच्या मागच्या रांगेत एक लांबलचक पितळी वाद्य खांद्यावर तोलून चालणारा वादक कोणाच्या खिजगणतीतही नसतो. पाय थिरकतात ते मात्र बऱ्याच अंशी त्याच्या जोरावर. ढोलाच्या ठोक्याला चिकटून येणारा जाड, किंचित घोगरा, पोटात घुमणारा स्वर त्याचाच असतो. ते वाद्य म्हणजे ट्रॉम्बोन.

हेच वाद्य हातात घेऊन अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराच्या रस्त्यांवर चालणारे वादक जगभर ‘फंक’ आणि ‘ब्रास’ संगीताचे मानकरी म्हणून ओळखले जातात. त्यांच्या ध्वनिफिती निघतात, महोत्सवांत त्यांच्यासाठी तिकिटे काढून रसिक गर्दी करतात. वाद्य तेच, रस्त्यावर चालत वाजविणेही तेच, लोकांना नाचविणेही तेच. असे असताना आपल्याकडील ट्रॉम्बोनवादकाचे आयुष्य इतके वेगळे का, हे समजून घ्यायचे, तर आधी वाद्य, मग त्याचा प्रवास आणि अखेरीस त्याचा हिशेब पाहावा लागतो.

नळीचे गणित

ट्रॉम्बोन हे पितळी सुषिर वाद्य. पंधराव्या शतकात युरोपात त्याचा पूर्वज प्रचारात आला आणि मूळ रचना आजतागायत फारशी बदललेली नाही. सुमारे नऊ फूट लांबीची नळी दुमडून तयार केलेल्या या वाद्याचा एक भाग पुढे-मागे सरकतो. नळी लांबविली, की स्वर खाली उतरतो. आखडली, की वर चढतो. नळीची एकूण सात स्थाने मानली जातात आणि प्रत्येक पुढच्या स्थानाला स्वर अर्ध्या स्वराने उतरतो. एकाच स्थानावर ओठांचा ताण व श्वासाचा जोर बदलून निरनिराळे स्वर काढता येतात. सर्वाधिक प्रचारात असलेल्या ट्रॉम्बोनचा मूळ स्वर आपल्या पेटीच्या भाषेत काळी पाचचा.

या सात स्थानांवर कोणतीही खूण नसते. पेटीला पट्ट्या असतात, बासरीला छिद्रे असतात, ट्रॉम्बोनवादकाला केवळ कान असतो. नळी अर्धा इंच इकडे-तिकडे झाली, तरी स्वर ढळतो. व्हायोलिनवादकाची बोटे जे काम करतात, ते येथे सबंध हाताला करावे लागते आणि तेही चालता चालता.

या अडचणीतच या वाद्याचे सौंदर्य आहे. नळी सरकती असल्याने एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाता येते. आपल्या संगीतात जिला मींड म्हणतात, ती पितळी वाद्यांत ट्रॉम्बोनइतकी सहज इतर कोणालाही साधत नाही. मर्यादा आहे ती अंतराची. पहिल्या स्थानापासून सातव्यापर्यंत सहा अर्धस्वर होतात. म्हणजे षड्जावरून निघालेली मींड खालच्या तीव्र मध्यमापर्यंत अखंड जाऊ शकते. त्यापलीकडे ओठांनी नवा स्वर पकडावा लागतो. कुशल वादक हा सांधा ऐकणाऱ्याला कळू देत नाही.

नळी सरकवायला पुढे मोकळी जागा मात्र हवी. न्यू ऑर्लिन्समध्ये जुन्या काळी बँड गाडीवर बसून शहरभर फिरे, तेव्हा ट्रॉम्बोनवाल्याला गाडीच्या मागच्या उघड्या फळीपाशी बसवीत, असे सांगतात. मिरवणुकीत त्याला पुढच्या रांगेत ठेवण्याचे कारणही हेच. आपल्या गल्लीबोळांतील वरातीत ही चैन परवडत नाही. नाचणाऱ्याचा कोपर नळीला लागला, तर नळी वाकते आणि वाकलेली नळी सरकत नाही. काही बँड सरकत्या नळीऐवजी ट्रंपेटसारखे दट्टे असलेला ट्रॉम्बोन वापरतात. तो गर्दीत सोयीचा पडतो, पण मींड तेवढी हरवते.

छावणीतून वरातीत

पितळी बँड भारतात आला तो इंग्रजांच्या पलटणींबरोबर. छावण्यांतील बँडचा थाट पाहून संस्थानिकांनी आपापले बँड उभारले. लष्करात आणि दरबारात शिकलेले वादक बाहेर पडले, तेव्हा ही विद्या शहरांत पसरली आणि विसाव्या शतकात वरातीपुढे सनई-चौघड्याच्या जोडीने बँड उभा राहिला. खांद्यावरच्या झुलींचा, सोनेरी गोंड्यांचा गणवेश ही त्याच पलटणींची आठवण. वाद्येही पुढे येथेच बनू लागली. मेरठमधील नादिर अली आणि कंपनी १८८५पासून या व्यवसायात आहे आणि त्या शहराचा जली कोठी भाग बँडच्या वाद्यांसाठी देशभर ओळखला जातो.

महाराष्ट्राने या वाद्यमेळाला स्वतःचे वळण दिले. पुण्याच्या गणेश विसर्जन मिरवणुकीत प्रभात आणि दरबार या बँडनी नाट्यगीते व भक्तिगीते पितळी वाद्यांवर अशी रुजविली, की अनेकांना मानाच्या गणपतींची मिरवणूक त्या स्वरांवाचून अपुरी वाटते. मुंबईच्या कोळीवाड्यांत आणि रायगडच्या किनारपट्टीवर ब्रास बँडशिवाय हळद रंगत नाही. तेथे झुलत्या कोळी ठेक्यावर ट्रंपेट गीत गातो आणि ट्रॉम्बोन त्याला खालून झोके देतो.

खालू बाजाच्या मुलखात

महाड-पोलादपूरचा पट्टा किनाऱ्यापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याचा. येथील अस्सल वाद्यमेळ म्हणजे खालू बाजा. ढोल, टिमकी, सनई आणि झांज यांचा हा संच लग्नात वाजतो, शिमग्यात वाजतो. महाशिवरात्रीच्या सुमारास महाडच्या विरेश्वराचा छबिना भरतो आणि विन्हेऱ्याच्या झोलाईसह गावोगावच्या देवतांच्या पालख्या भेटीला येतात, तेव्हा सासणकाठ्या नाचतात त्या याच वाद्यांवर.

या मुलखात ब्रास बँड आला तो पाहुणा म्हणून. औद्योगिक वसाहतीत निरनिराळ्या जिल्ह्यांतून, परराज्यांतूनही कामगार आले आणि त्यांच्याबरोबर वरातीच्या निरनिराळ्या आवडी आल्या. बँड, बेंजो, ढोल-ताशा आणि अखेरीस डीजे असे सारे एकाच रस्त्यावर ऐकू येऊ लागले. खालू बाजा ऐकत वाढलेल्या कानाला मात्र ब्रास बँडची एक गोष्ट ओळखीची वाटते. थोडक्या स्वरांची लहानशी ओळ पुन्हा पुन्हा वाजवायची आणि प्रत्येक आवर्तनागणिक नाचणाऱ्यांच्या अंगात थोडी अधिक भिनवायची, ही रीत दोन्हीकडे आहे. नेमकी हीच रीत फंकच्या मुळाशी आहे.

फंक म्हणजे काय?

फंक हा अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संगीताचा १९६०च्या दशकात घडलेला प्रकार. गायक जेम्स ब्राऊन याची १९६५ आणि १९६७मधील गाणी त्याच्या आरंभीची मानली जातात. त्याने आपल्या वादकांना एक सोपी शिस्त घालून दिली. चार मात्रांतील पहिल्या मात्रेवर सर्वांनी ठामपणे एकत्र यायचे, मधल्या जागेत ज्याने त्याने आपला तुकडा खेळायचा. आपल्याकडील श्रोत्याला हे समजावून सांगण्याची गरजच नाही. तबलजी आणि गवई समेवर येतात, तेव्हा मान आपोआप डोलते. जेम्स ब्राऊनची पहिली मात्रा ही त्याची समच होती.

फंकमध्ये वाद्यवृंद गाण्याची चाल वाजवीत बसत नाही. प्रत्येक वाद्य दोन-चार स्वरांचा तुकडा घेते आणि तो दुसऱ्याच्या तुकड्यात दातेरी चाकासारखा अडकतो. ट्रॉम्बोनच्या वाट्याला येतात ते आखूड, जोरकस फटकारे. कधी वाजवायचे, याइतकेच कधी गप्प राहायचे, हेही महत्त्वाचे. १९६८मध्ये जेम्स ब्राऊनच्या ताफ्यात आलेला फ्रेड वेस्ली हा ट्रॉम्बोनवादक पुढे त्या ताफ्याचा संगीत दिग्दर्शक झाला आणि मागच्या रांगेतील हे वाद्य फंकचा कणा बनले.

न्यू ऑर्लिन्समध्ये हा प्रवाह रस्त्यावरील जुन्या ब्रास बँडना येऊन मिळाला. १९७७मध्ये स्थापन झालेला डर्टी डझन ब्रास बँड आणि १९८३चा रिबर्थ ब्रास बँड यांनी मिरवणुकीच्या संगीतात फंक मिसळले. तेथे अंत्ययात्रेलाही बँड असतो. जाताना संथ, शोकाकुल सूर आणि दफनानंतर परतताना नाचरी लय. बँडमागून नाचत जाणाऱ्या लोकांच्या रांगेला ‘सेकंड लाइन’ असे नावच आहे. वरातीत बँडमागून नाचणाऱ्या मित्रमंडळींना ते ठाऊक नसते, इतकेच. त्याच शहरात १९८६मध्ये जन्मलेला ट्रॉय अँड्र्यूज लहानपणी आपल्याहून लांब वाद्य घेऊन मिरवणुकीत वाजवी. त्यावरून पडलेले ‘ट्रॉम्बोन शॉर्टी’ हे नाव पुढे जगभर गाजले.

न कळत वाजविलेले फंक

फंक आपल्याकडे नावाने आले नाही, चित्रपटगीतांतून आले. त्यामागे गोव्याच्या वादकांचा मोठा वाटा आहे. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवीत. ही विद्या घेऊन कित्येक वादक मुंबईत आले आणि रात्री हॉटेलांत जाझ, दिवसा स्टुडिओत चित्रपटसंगीत वाजवू लागले. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्र यांच्या १९५१च्या ‘अलबेला’तील नाचऱ्या गाण्यांमागे चिक चॉकलेट या नावाने गाजलेल्या गोमंतकीय ट्रंपेटवादकाचा हात होता. पुढे राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात ब्लास्को मोन्सोरात यांचा ट्रॉम्बोन घुमला.

१९७०च्या दशकात कल्याणजी-आनंदजी आणि राहुल देव बर्मन यांनी पाठलागांच्या प्रसंगांना, क्लबमधील नृत्यांना दिलेले संगीत सरळ फंकच्या घाटाचे होते. कल्याणजी-आनंदजींच्या त्या संगीतावर अमेरिकेत १९९९मध्ये ‘बॉम्बे द हार्ड वे’ ही ध्वनिफीत निघाली, तेव्हा तेथील तरुण ते फंक म्हणूनच ऐकू लागले. आपल्या वरातीत ‘डॉन’ची गाणी वाजविणारे बँडवाले १९७८पासून तेच करीत होते.

चाल शिकण्याची बँडची पद्धत स्वरलिपीची नाही, कानाची आहे. मास्तर क्लॅरिनेटवर किंवा ट्रंपेटवर गाणे वाजवून दाखवितात, बाकीचे उचलतात. गायकाची ओळ पुढच्या वाद्यांकडे आणि दोन कडव्यांमधले संगीताचे तुकडे व खालचे स्वर ट्रॉम्बोनसारख्या जाड आवाजाच्या वाद्यांकडे, अशी वाटणी होते. ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमधील स्टुडिओत पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. २०१६मध्ये चित्रपट आला आणि गावोगावचे बँड ‘झिंगाट’ वाजवू लागले. एवढा मोठा वाद्यमेळ पंधरा-वीस जणांत बसवायचा, तर कोणता तुकडा ठेवायचा आणि कोणता गाळायचा, याचा निर्णय कागदाशिवाय करावा लागतो. ज्याला अडाणी धांगडधिंगा म्हणून हिणविले जाते, त्यात ही संगीतरचना दडलेली असते.

सुपारी, विसार आणि पाळी

या कलेचा हिशेब मात्र रुक्ष आहे. बँडला काम मिळते त्याला सुपारी म्हणतात. सुपारी घेताना बँडचा मालक विसार घेतो, उरलेली रक्कम कार्यानंतर. वाद्ये, गणवेश, गाडी बहुधा मालकाची. वादकाला दिवसाची मजुरी. त्यावर ओवाळून टाकलेल्या नोटा मिळाल्या, तर त्या ताफ्यात वाटायच्या. आषाढी एकादशीपासून कार्तिकापर्यंत चातुर्मास, मुहूर्त नाहीत. मध्ये गणेशोत्सव आणि नवरात्र सोडले, तर पावसाळा रिकामा. त्यामुळे शेती, रिक्षा, रंगकाम, हमाली किंवा कारखान्यातील कंत्राटी काम यांच्या जोडीनेच बँड चालतो.

तोंडाने वाजविण्याच्या वाद्याला ही विभागणी विशेष जाचते. ट्रॉम्बोनचा स्वर ओठांच्या कंपनातून निघतो आणि ओठांचे स्नायू पैलवानाच्या शरीरासारखे असतात. चार महिने तालीम थांबली, की स्वर पातळ होतो, वरचे स्वर लागेनासे होतात, तासाभरात ओठ सुजतात. रोज थोडा वेळ केवळ लांब, स्थिर स्वर धरण्याचा रियाज हाच उपाय. चाळीत किंवा कामगारांच्या दाटीवाटीच्या खोल्यांत, रात्रपाळी करून शेजारी झोपलेले असताना तो करायचा कोठे, हा प्रश्न प्रत्येकाला स्वतःच सोडवावा लागतो.

संकटे आली, तीही याच क्रमाने. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि लग्नाचा सबंध हंगाम गेला. एप्रिल २०२१मध्ये राज्यात लग्नासाठी पंचवीस माणसे आणि दोन तास अशी मर्यादा आली. त्यात बँडला जागा नव्हती. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारीच्या पुराने महाड बुडाले. पुराच्या पाण्यात पितळी वाद्य तग धरते, धुऊन-पुसून पुन्हा उभे राहते. ढोलाचे कातडे आणि क्लॅरिनेटच्या गाद्या मात्र कामातून जातात. बँड म्हणजे साऱ्या वाद्यांचा संसार. त्यातला एक कोपरा कोसळला, तरी उरलेल्यांची सुपारी जाते.

डेसिबलचा हिशेब

बँडचा मोठा प्रतिस्पर्धी म्हणजे डीजे. एक माणूस आणि ध्वनिवर्धकांच्या भिंती वीस वादकांचे काम करतात आणि हवे ते गाणे मूळ आवाजात ऐकवितात. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी या शर्यतीला काही मर्यादा घातल्या. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, औद्योगिक भागात दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल अशी पातळी ठरली. २०१८च्या गणेशोत्सवात मुंबई उच्च न्यायालयाने मिरवणुकांतील डीजेला मुभा देण्यास नकार दिला, तेव्हा पारंपरिक वाद्यांना पुन्हा बरे दिवस येतील, अशी चर्चा झाली.

हे अर्धेच खरे आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील बंदी २०१०च्या दुरुस्तीनंतर वाद्यांनाही लागू आहे. वरात उशिरा निघाली, तर दहाच्या ठोक्याला ट्रॉम्बोनही थांबतो आणि उशीर यजमानांचा असला, तरी रंग गेल्याचा ठपका बँडवर येतो. न्यू ऑर्लिन्समध्येही २०१०मध्ये पोलिसांनी एका तरुण ब्रास बँडला रात्री आठनंतर रस्त्यावर वाजविण्यास मनाई केली होती. मोठा गदारोळ झाला आणि नागरिक बँडच्या बाजूने उभे राहिले.

आवाजाची दुसरी बाजू वादकाच्या कानाची. ढोल आणि पितळी वाद्यांच्या मधोमध उभे राहिले, की आवाज सहज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि गोंगाटाच्या विभागात कामगाराला कानात घालायची बोंडे देणे अपेक्षित असते. तोच कामगार सायंकाळी बँडच्या गणवेशात उभा राहिला, की त्याच्या कानांचा वाली कोणी नसतो. ज्या वाद्याची सारी मदार कानावर, त्याच्या वादकाचे हे पहिले नुकसान.

पंगतीचा प्रश्न

मुळातला फरक आहे तो मानाचा. वरातीच्या बँडचा सखोल अभ्यास करणारे ग्रेगरी बूथ यांचे ‘ब्रास बाजा’ हे पुस्तक २००५मध्ये प्रसिद्ध झाले. बँडवाल्यांत दलित व गरीब मुस्लिम समाजांतील माणसांचे प्रमाण मोठे आहे, हे त्यांनी नोंदविले. गावकीच्या व्यवस्थेत वाजविणे हे काही जातींवर लादलेले काम होते. त्याचा मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर असे. बँडच्या धंद्याने त्यात एक बदल केला. आधी दर ठरवायचा, विसार घ्यायचा आणि मग वाजवायचे, ही रीत आली. तरीही लग्नाच्या मांडवाबाहेर बँडवाले ताटकळत बसलेले आणि सर्वांचे झाल्यावर त्यांची पंगत, हे दृश्य अपरिचित नाही.

महाडमध्ये या दृश्याला निराळा अर्थ येतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे येथील चवदार तळ्यावर गेली आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्यायले. तहान भागविणे हा त्यामागचा हेतू नव्हता. माणूस म्हणून बरोबरीचा हक्क बजावणे हा होता. आज १४ एप्रिलच्या मिरवणुकांत भीमगीते वाजविणारा बँड पाहिला, की हे वाद्य हुकमावरून वाजते की हौसेने, याचे उत्तर वादकांच्या चेहऱ्यावरच मिळते.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांनाही हा मान आयता मिळाला नाही. त्यांच्या वस्त्यांतील मंडळांनी मिरवणुका जपल्या, वडीलधाऱ्या वादकांनी मुलांना शिकविले आणि कालांतराने शहराने हे संगीत आपले वैभव म्हणून स्वीकारले. आपल्याकडे शिकण्याची सोय लष्करात आहे. पचमढी येथे १९५०पासून सैन्याच्या बँडवाल्यांसाठी संगीताचे शिक्षण मिळते. दरवर्षी डिसेंबरमध्ये गेट वे ऑफ इंडियापुढे वाजणारा नौदलाचा बँड पाहायला मुंबईकर गर्दी करतात. तेच वाद्य वरातीत वाजविणाऱ्या मुलाला मात्र मास्तरांच्या मागे उभे राहूनच शिकावे लागते. मास्तर थकले, की ती शाळा बंद.

वरात ठरविणाऱ्या घराच्या हाती काही गोष्टी निश्चित आहेत. वेळेवर निघणे, ठरलेली रक्कम त्याच दिवशी चुकती करणे, वादकांना घरच्या माणसांबरोबर पंगतीला बसविणे, यांना फारसा खर्च येत नाही. ज्यांच्या तालावर घरातली आजीही दोन पावले नाचून गेली, त्यांचे नाव-गाव विचारणे, यालाही नाही.

वरात मांडवात पोचते, शेवटचे गाणे समेवर थांबते, टाळ्या नवरा-नवरीला पडतात. ट्रॉम्बोनवादक वाद्य खाली धरतो आणि नळीच्या टोकाची छोटी झडप दाबून आत साचलेले पाणी जमिनीवर सोडतो. लोक त्याला थुंकी समजून दूर सरकतात. ती असते तासभर गाण्यात ओतलेल्या त्याच्या श्वासाची वाफ, थंड पितळात पाणी झालेली. मग तो नळी पुसतो, वाद्य पेटीत ठेवतो आणि घड्याळ पाहतो. सकाळची पाळी गाठायची असते.